प्रेक्षणीयता आणि ऋण

‘प्रेक्षणीय’ हे विशेषण मराठीत इतके रुळले आहे की त्यातील ‘अनीय’ या प्रत्ययाकडे सहसा लक्ष जात नाही. वंदनीय, आदरणीय, करणीय या शब्दांप्रमाणेच याही शब्दात योग्यतेचा आणि विधीचा अर्थ आहे. जे पाहण्यास योग्य, जे पाहिले पाहिजे, ते प्रेक्षणीय. मात्र वंदनीय व्यक्तीचे वंदन करणाऱ्यावर काही ऋण असते, हे गृहीत असते. प्रेक्षणीय स्थळाचे पाहणाऱ्यावर तसे काही ऋण असते काय? प्रवासवर्णनाच्या मराठी समीक्षेने हा प्रश्न फारसा विचारलेला नाही. निवेदकाचे व्यक्तिमत्त्व, त्याची विनोदबुद्धी, निसर्गचित्रणातील ताजेपणा यांची दखल तिने आस्थेने घेतली; पण ज्या गावाचे वर्णन झाले त्या गावाचा वर्णनावर काही हक्क पोचतो का, हे विचारणे तिला बहुधा वाङ्मयबाह्य वाटले असावे.

या प्रश्नाची सर्वांत बोलकी कसोटी बेल्जियममध्ये सापडते. क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या सुमारे एकदशांश असलेला हा देश मराठी सहलीच्या युरोपवारीत एखाद्या दिवसात आटोपतो. त्यातील ब्रूज हे शहर मध्ययुगात उत्तर युरोपच्या व्यापाराचे एक मोठे केंद्र होते. समुद्राशी त्याला जोडणारी झ्विन ही खाडी गाळाने भरत गेली, व्यापार अँटवर्पकडे सरकला आणि ब्रूज मागे पडले. नव्या इमारती उभारण्याइतका पैसा न उरल्याने जुन्या टिकल्या. आज जागतिक वारसा म्हणून जे जतन झाले आहे, त्याच्या मुळाशी असे दारिद्र्य आहे. आणि गाळाने भरलेल्या त्याच झ्विनच्या परिसरात १९५२ पासून पक्ष्यांचे अभयारण्य आहे. सकाळी ऐतिहासिक शहर आणि सायंकाळी निसर्गरम्य ठिकाण पाहणाऱ्या प्रवाशाला ही दोन वेगळी स्थळे वाटतात. वस्तुतः ती एकाच घटनेची दोन टोके आहेत.

या शहराला प्रेक्षणीय ठरवण्यात एका कादंबरीचा वाटा मोठा आहे. जॉर्ज रोदनबाक याची ‘ब्रूज-ला-मोर्त’ (‘मृत ब्रूज’) १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. रोदनबाक ब्रूजचा रहिवासी नव्हता. तो गेंटमध्ये वाढला आणि पॅरिसमध्ये लिहीत होता. पत्नीच्या मृत्यूनंतर नायक ब्रूजला येऊन राहतो, कारण ते शहर त्याला त्या मृत स्त्रीसारखेच भासते. पुढे तिच्यासारख्या दिसणाऱ्या एका नर्तकीत तो तिलाच शोधू लागतो आणि अखेरीस मृत पत्नीच्या केसांच्या वेणीनेच तिचा गळा आवळतो. कादंबरीत शहराची छायाचित्रेही होती : कालवे, पूल, घाट, बहुतेक निर्मनुष्य. ब्रूजच्या नागरिकांना हे रुचले नाही. नव्या बंदरासाठी त्यांची खटपट चालू असताना साऱ्या जगाला त्यांचे गाव मृत म्हणून कळत होते. रोदनबाकचे स्मारक उभे राहिले ते गेंटमध्ये. नागरिकांच्या रोषात व्यापारी हिशेब नव्हता असे नाही, आणि पुढे त्याच ‘मृत’ सौंदर्यावर शहराचा चरितार्थ चालला, हेही खरे. तरीही त्यांची तक्रार केवळ भाबडी म्हणून बाजूला सारता येत नाही.

कारण ही तक्रार विशेषनामाशी निगडित आहे. रोदनबाकने एखादे अनामिक शहर रंगवले असते, तर वाद उद्भवला नसता. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्यव्यवहाराची लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशी दोन टोके कल्पिली. त्या परिभाषेत सांगायचे, तर ही कादंबरी अलौकिकतेच्या टोकाकडे झुकते, परंतु तिच्या शीर्षकातील विशेषनाम तिला लौकिकाशी बांधून ठेवते. प्रवासवर्णन तर विशेषनामांवाचून उभेच राहू शकत नाही. ज्या क्षणी नाव घेतले जाते, त्या क्षणी त्या नावाने हाक मारल्यावर ओ देणारी माणसेही संहितेत हजर होतात, मग लेखकाने त्यांना वर्णनातून कितीही वगळलेले असो.

कान्टने १७९० मध्ये सौंदर्यानुभवाला हितसंबंधनिरपेक्षतेची अट घातली. प्रवासी ही अट अनायास पुरी करतो. त्याला तेथे राहायचे नसते, कर भरायचा नसतो, विहिरीचे पाणी आटले काय नि राहिले काय, त्याचे काही अडत नाही. एखादे गाव निखळ सुंदर वाटू शकते ते बहुधा त्यालाच. तेव्हा प्रश्न असा की ही निरपेक्षता पाहण्याची शुद्धी आहे, की पाहण्यातली उणीव?

याचे उत्तर शोधताना पेण तालुक्याकडे वळणे उपयुक्त ठरते. झ्विनच्या गाळाची भरपाई म्हणून उभारलेल्या झेब्रुग या बंदराचे उद्घाटन १९०७ मध्ये झाले. निव्वळ योगायोग असा, की त्याच वर्षी पेण तालुक्यातील वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक चिंतामण विनायक वैद्यांनी प्रसिद्ध केले. गोडसे भटजी १८५७ मध्ये घरून निघाले, ते देश पाहण्यासाठी नव्हे. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार असून तेथे मोठी दक्षिणा मिळेल, अशी वार्ता होती. काका बरोबर होते. वाटेत बंडाची बातमी कळली, आणि दक्षिणेसाठी निघालेला भिक्षुक १८५८ मध्ये वेढा पडलेल्या झाशीत अडकला. शहर पडल्यावर झालेली कत्तल आणि लूट त्यांनी पाहिली. तेथील ग्रंथसंग्रहाची वाताहत त्यांच्या स्मरणात राहिली.

गोडसे भटजींचे पाहणे पदोपदी हितसंबंधाने भरलेले आहे. कोणी किती दक्षिणा दिली, जेवणाची सोय कोठे झाली, अंगावरचे द्रव्य कोठे लपवले, यांची मोजदाद ते ठेवतात. सौंदर्यशास्त्राच्या दृष्टीने ही अशुद्धी. पण याच अशुद्धीमुळे झाशी त्यांच्या लेखनात देखावा होत नाही. जी लूट शहराची, तीच त्यांची. जी तहान शहराची, तीच त्यांची. त्यांना झाशीपासून दूर सरून उभे राहण्यास जागाच नव्हती. तीर्थक्षेत्रांच्या बाबतीतही तसेच. ‘दर्शन घेणे’ या मराठी प्रयोगात समोरच्याने ते देणे अनुस्यूत असते. पर्यटनाच्या ‘पाहणे’ या क्रियेत समोरच्याचा वाटा उरत नाही.

यावरून संकटात सापडलेला प्रवासीच खरा, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. दुःख भोगल्याने दृष्टी सर्वगामी होत नाही. गोडसे भटजींचे जग भिक्षुकी ब्राह्मणाचे जग आहे. ज्यांच्या घरी दक्षिणा मिळण्याचा संभव नव्हता, अशी शेकडो माणसे त्यांच्या वाटेवर असणार. ती पुस्तकात क्वचितच दिसतात. हितसंबंध दृष्टीला धार देतो आणि तिची मर्यादाही आखतो. शिवाय प्रवास आणि लेखन यांत पाव शतकाचे अंतर आहे. वैद्यांनी छापताना मूळ मजकुरावर संस्कार केले, काही गाळले. मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांच्या संपादनातून १९६६ मध्ये वाचकांपुढे आली. म्हणजे ज्याने पाहिले, त्याच्या पाहण्यालाही संपादकाने आपल्या काळाला शोभेल असे ‘प्रेक्षणीय’ रूप दिले होते. रोदनबाकने ब्रूजचे जे केले, त्याचा एक सौम्य प्रकार गोडसे यांच्याही वाट्याला आला, असे म्हणण्यास जागा आहे.

मराठी माणसाच्या युरोपदर्शनात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तिकडचे स्वच्छ रस्ते, जपलेल्या वास्तू, नितळ तळी यांचे वर्णन बहुधा ‘आपल्याकडे’ या शब्दापाशी येऊन थांबते. परदेश आरसा होतो. पंडिता रमाबाईंनी १८८९ च्या अमेरिकाविषयक प्रवासवृत्तात हा आरसा जाणीवपूर्वक धरला होता. तेथील लोकस्थितीचा अभ्यास होता आणि स्वदेशातील स्त्रियांची स्थिती पालटण्याचा हेतू होता. तो हेतू आणि अभ्यास दोन्ही गळून पडले की उरतो तो केवळ उसासा. त्या उशाशाला ब्रूज कळत नाही, आणि पेणही. दोन्हींकडे खाडी आणि गाळ असताना एकीकडे तो वारसा झाला नि दुसरीकडे खाजण, यामागचा आर्थिक इतिहास त्याला नको असतो.

पनवेल–रोहा लोहमार्गावर, पेणच्या अलीकडे, हमरापूर लागते. शेजारच्या जोहे, कळवे या गावांप्रमाणे येथेही गणपतीचे कारखाने आहेत आणि काम वर्षभर चालते. येथील मूर्ती परदेशांतील मराठी घरांपर्यंत जातात, बेल्जियमपेक्षा कितीतरी दूरच्याही. हमरापूरला येणारा माणूस सहसा गाव पाहायला येत नाही. मूर्ती ठरवायला येतो. तो घासाघीस करतो, उंची विचारतो, शाडू की प्लास्टर यावर बोलतो. प्लास्टरच्या बंदीचा प्रश्न न्यायालयात गेल्यापासून हे बोलणे अधिक अवघड झाले आहे. जूनमध्ये २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवण्यास मोकळीक दिली, पण नैसर्गिक जलाशयातील विसर्जनाचा प्रश्न वेगळा ठेवला. निसर्ग पाहायला कोकणात येणारा आणि मूर्ती न्यायला येणारा एकच मुंबईकर असू शकतो. पहिल्या भूमिकेत त्याला खाडी निर्मळ हवी असते. दुसऱ्या भूमिकेत त्या खाडीकाठच्या माणसाच्या वर्षभराच्या मजुरीशी त्याची गाठ असते. पहिला हमरापुरात उतरत नाही.

दुसरा उतरतो, आणि त्याला थांबावे लागते. डोळ्यांची आखणी सर्वांत शेवटी होते आणि ती करणारे हात थोडे असतात. तोवर तो कारखान्याच्या दाराशी रांगेने मांडलेल्या, अजून न पाहणाऱ्या मूर्तींसमोर उभा असतो. आपल्या नावाची चिठ्ठी कोणत्या पाटाला लावली आहे, ते शोधत.