शमीवर ठेवलेली शस्त्रं

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



गेल्या महिन्यात आपल्या परिवार-गटांवर दोन गोष्टी पाठोपाठ फिरल्या. एक अमेरिकेचा व्हिडिओ होता. विधानभवनासमोर माणसं खांद्याला रायफली अडकवून घोषणा देताहेत, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, "याला म्हणतात स्वातंत्र्य!" दुसरी होती एक सूचना. आश्रमाच्या रस्त्यावरच्या दारूच्या दुकानाविरुद्ध आपण कलेक्टर ऑफिसवर निवेदन द्यायला जाणार आहोत. त्या दिवशी तरुण मुलांनी पुढे उघड्या तलवारी घेऊन चालावं, म्हणजे "जरा वजन पडेल". सूचनेला भरपूर अंगठे आणि जोडलेले हात मिळाले. काही जणी मात्र गप्प राहिल्या, आणि नंतर वेगळा फोन करून विचारू लागल्या की ताई, हे बरोबर आहे का? म्हणून हे लिहिते आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण तिथे फारसा वादच नाही. राज्यघटनेच्या १९व्या कलमात बोलण्याचं स्वातंत्र्य आहे आणि त्याच्या लगेच खाली एकत्र जमण्याचं. पण जमण्याच्या हक्कात दोन अटी आहेत: शांततेने आणि विनाशस्त्र. बाकीच्या हक्कांवरच्या मर्यादा पुढच्या पोटकलमांत येतात. ही अट मात्र हक्काच्या वाक्यातच बसवली आहे. म्हणजे हातात तलवार घेऊन जमणाऱ्यांचा हक्क सरकारने काढून घेतला असं म्हणता येत नाही, तो त्यांना दिलेलाच नव्हता.

आणि हे नजरचुकीने झालेलं नाही. इंग्रजांनी १८७८च्या शस्त्र कायद्याने आपल्या लोकांना निःशस्त्र केलं होतं आणि गोऱ्यांना सूट दिली होती. तो अपमान लोकांच्या मनात इतका होता की १९३१च्या काँग्रेसच्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्कसुद्धा (नियमांच्या अधीन राहून) मागितला होता. पुढे १९४८च्या डिसेंबरात संविधान सभेत हरि विष्णु कामत यांनी तो हक्क घटनेत घालायची दुरुस्ती मांडली. हे कामत आपल्या बाजूचेच म्हणायचे, पुढे होशंगाबादहून लोकसभेत निवडून गेलेले. डॉ. आंबेडकरांनी त्याला विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता: असा हक्क दिला तर तो चोर, दरोडेखोर आणि सराईत गुन्हेगार यांनाही द्यावा लागेल. दुरुस्ती फेटाळली गेली. बंदुकीचा परवाना मिळतो, पण तो हक्क म्हणून नाही, आणि २०१६च्या नियमांप्रमाणे परवान्याची बंदूकही सार्वजनिक जागी झाकूनच न्यावी लागते. ती मिरवणं मना आहे. निवडणूक लागली की थान्यात जमा करावी लागते, हे तर घरात बंदूक असलेल्या आपल्या जुन्या सरदार-जहागीरदार घराण्यांना चांगलं ठाऊक आहे.

तलवार, भाला, गुप्ती हीसुद्धा त्या नियमांच्या यादीत आहेत. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं म्हणजे हत्यार, आणि जिथे सरकारने तशी अधिसूचना काढली आहे तिथे त्यालाही परवाना लागतो. घरकामाच्या आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे. म्हणजे आपली विळी आणि कोयता सुटले! पण तोच कोयता हातात घेऊन मोर्चात उभं राहिलं तर त्याला घरकामाचं अवजार कोण म्हणेल?

आयांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नव्या न्याय संहितेच्या १९०व्या कलमाप्रमाणे (जुन्या दंडविधानात हे कलम १४९ होतं) बेकायदा जमावातल्या एकाने जमावाच्या उद्देशासाठी गुन्हा केला, तर त्यात असलेला प्रत्येक जण दोषी धरला जाऊ शकतो. पाच माणसं म्हणजे जमाव. तुमचा मुलगा मागे उभा राहून मोबाईलवर शूटिंग करत होता, हे नंतर वकील लावून सिद्ध करत बसावं लागतं.

हे झालं कायद्याचं. पण खरा प्रश्न त्याच्या पलीकडे आहे. समजा कायद्याने बंदी नसती, तर नेणं योग्य ठरलं असतं का?

निवेदन म्हणजे काय? आमचं म्हणणं ऐका, पटलं तर करा. पटणं ही समोरच्याच्या मनात घडणारी गोष्ट आहे. मी लाटणं उगारून सुनेला म्हटलं, "आज पुरणपोळी करायची का गं?" आणि ती हो म्हणाली, तर ते हो पुरणपोळीला नाही, लाटण्याला आहे. (सुनेने हे वाचून हसावं, आमच्याकडे लाटणं तिच्याच हातात असतं.) आपल्या तलवारी पाहून कलेक्टर साहेबांनी दुकान हलवलं, तर आपलं म्हणणं खरं होतं की नाही हे आपल्याला कधी कळणारच नाही. आणि उद्या दुकानवाल्याने आपल्यापेक्षा जास्त तलवारी आणल्या की दुकान परत येईल.

काही जण म्हणतील, आपली देवीच शस्त्रधारी आहे. टेकडीवरच्या तुळजाभवानी आणि चामुंडा या दोघींच्या हातांत शस्त्रं आहेत. दसऱ्याला आपण शस्त्रपूजा करतो. धार आणि देवास ही पवारांची गावं, ही राज्यं तलवारीवर उभी राहिली. समर्थांच्या कुबडीत गुप्ती होती आणि ती सज्जनगडावर आजही दाखवतात. सगळं खरं आहे, आणि शस्त्राला मी वाईट म्हणत नाही. सीमेवरच्या जवानाच्या हातात ते असायलाच हवं.

पण दसऱ्याची गोष्ट आपण अर्धीच सांगतो. पांडवांनी शमीच्या झाडावरून शस्त्रं उतरवली, हे लहान मुलालाही माहीत असतं. ती झाडावर ठेवली कशासाठी होती? ओळख पटू नये म्हणून, हे तर आहेच. गांडीव कोण ओळखणार नाही? पण विराटपर्वात त्याच्याही आधी युधिष्ठिर दुसरं कारण देतो: आपण शस्त्रांसह नगरात शिरलो तर तिथले लोक घाबरतील. बारा वर्षं वनवास भोगलेला, राज्य गमावलेला, अन्याय झालेला माणूस हे बोलतो आहे. ज्या गावाशी त्याचं भांडण नाही, तिथल्या लोकांच्या भीतीचा विचार त्याच्या मनात आधी येतो. कलेक्टर ऑफिसच्या रस्त्यावर फळवाली आहे, कोचिंगला जाणाऱ्या मुली आहेत, शाळेची मॅजिक आहे. त्यांचं आपल्याशी काय भांडण?

धारच्या भगिनींना हे जास्त कळेल. वसंत पंचमी शुक्रवारी आली (२००६, २०१३, २०१६) की गावात काय वातावरण असतं, बाजार कसे अर्धे उघडतात, आया मुलांना कसं आत ओढतात, हे त्यांनी पाहिलं आहे. कुठल्या बाजूचं खरं हा आजचा विषय नाही. अशा दिवशी कुणाच्याही हातात पातं चमकलं, तर गावावर काय येऊ शकतं एवढंच म्हणते.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा. ज्याच्या हाती काही नाही त्याचं कोण ऐकतं? हा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. २०१७ साली धार जिल्ह्यातल्या चिखलद्यात मेधाताई पाटकर उपोषणाला बसल्या होत्या. त्यांच्या मतांशी तुम्ही सहमत असा वा नसा, ते आंदोलन विनाशस्त्र होतं. पोलिसांनी त्यांना उचललं, पुढे धारच्या जेलमध्ये ठेवलं. सरदार सरोवर भरलं आणि २०१९ साली चिखलदा बुडालं. विनाशस्त्र माणूस नेहमी जिंकतो, असं कुणी सांगत असेल तर ते खोटं आहे. पण काहीच हाती लागलं नाही असंही नाही. काही बुडित कुटुंबांना प्रत्येकी साठ लाख रुपये द्यावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या फेब्रुवारीत दिला होता. नर्मदेकाठी शस्त्रांनी काही मिळालं असतं, तर ते आधी पोलिसांच्या गोळ्या असत्या.

शस्त्र घेऊन गेलेल्यांचं काय झालं, तेही पाहू. मथुरेचं जवाहर बाग आठवतं? एका गुरूंच्या संप्रदायातून फुटून निघालेला गट २०१४ साली आपल्या मध्य प्रदेशातल्या सागरहून निघाला. दोन दिवसांची परवानगी घेऊन बागेत बसला आणि दोन वर्षं उठला नाही. नावात "सत्याग्रह" शब्द होता, आत हत्यारं साठवलेली होती. २ जून २०१६ला पोलीस बाग रिकामी करायला गेले. त्यात दोन पोलीस अधिकारी गेले आणि वीसहून जास्त माणसं मेली. ती माणसंही कुणाच्या तरी शब्दावर श्रद्धा ठेवून बायकामुलांसह तिथे राहिली होती. गुरूचं नाव घेणाऱ्या आपल्यासारख्या प्रत्येक परिवाराने ती बातमी पुन्हा काढून वाचावी, असं मला वाटतं.

आणि अमेरिका? आपल्या कितीतरी घरांतली मुलं तिथे आहेत, त्यांनाच विचारा. ३० एप्रिल २०२०ला मिशिगनमध्ये लॉकडाऊनच्या विरोधात माणसं रायफली घेऊन विधानभवनाच्या आतपर्यंत गेली. त्या दिवशी काही आमदारांनी सभागृहात बुलेटप्रूफ जाकिटं घातली होती. जाकीट घालून दिलेलं मत मोकळं मत असतं का? पुढच्या जानेवारीत तिथेही इमारतीच्या आत उघड शस्त्र नेण्यावर बंदी आली. २०२०च्याच ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमधल्या केनोशात एक सतरा वर्षांचा मुलगा दंगलीच्या रात्री रायफल घेऊन रस्त्यावर उतरला. म्हणे, दुकानं वाचवायला. रात्र संपेपर्यंत दोन माणसं मेली होती. स्वसंरक्षण म्हणून कोर्टाने त्याला सोडलं. पण ज्यांनी त्याला अडवायचा प्रयत्न केला त्यांनाही आपण एका बंदूकधाऱ्यापासून इतरांना वाचवतो आहोत असंच वाटत असणार. बंदूक दिसली की कोण रक्षक आणि कोण हल्लेखोर, हे उभ्या असलेल्या कुणालाच कळत नाही.

तिथलीच आणखी जुनी गोष्ट आहे. १९६७च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर्स ही काळ्या लोकांची संघटना कायदेशीर बंदुका घेऊन विधानभवनात गेली. पोलिसांच्या जाचाला ते कंटाळले होते, कारण खरं होतं. भरलेली बंदूक उघड नेण्यावर बंदी घालणारं बिल आलं होतं, त्याचा ते निषेध करत होते. तीन महिन्यांच्या आत ते बिल पास झालं आणि गव्हर्नर रेगन यांनी सही केली. यातून मला एक दिसतं. उघड शस्त्राचं स्वातंत्र्य कागदावर सगळ्यांचं असतं, प्रत्यक्षात ज्यांची सरकारला भीती वाटत नाही त्यांचंच उरतं. आपल्याकडेही तेच. भिल्लाचा तीरकमान त्याच्या लग्नकार्यातलाही असतो, तरी भगोरियाच्या हाटात हत्यारं आणू नका असे आदेश निघतात. आपण मराठी घरंदाज लोक तलवार घेऊन निघालो तर कदाचित शिपाई नमस्कारही करेल. मला ते जास्त खटकतं. नियम सगळ्यांना सारखा लावला जात नाही ही तक्रार खरी आहे. पण ती तक्रार करायची, तर सवलत घेणारे आपण नसलं पाहिजे.

राहिला श्रद्धेचा प्रश्न. "शिखांना कृपाण चालते, मग आपल्याला का नाही?" कृपाण हे दीक्षेचं व्रत आहे, ती म्यानात, रोज, आयुष्यभर अंगावर असते, आणि घटनेच्या २५व्या कलमाच्या स्पष्टीकरणात तिचा उल्लेख आहे. मोर्चापुरती तलवार भाड्याने आणणं म्हणजे व्रत नव्हे. आनंदमार्गी साधकांनी कोलकात्यात मिरवणुकीत सुरा, त्रिशूळ आणि कवटी घेऊन तांडव करायचा हक्क मागितला होता. गुरूंनी सांगितलेला विधी आहे, असं त्यांचं म्हणणं. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ला आणि पुन्हा २००४ला तो मान्य केला नाही. पंथ १९५५चा, तांडव आलं १९६६ला, तर ते पंथाचं अत्यावश्यक अंग कसं, असं पहिल्या निकालात विचारलं. मला खरं सांगायचं तर हा युक्तिवाद पटत नाही. गुरूने अकरा वर्षांनी दिलेली साधना कमी खरी होते का? साधनेत काय महत्त्वाचं, हे न्यायाधीशांनी ठरवणं मला खटकतं. पण निकाल पटतो, वेगळ्या कारणाने. घरात, आश्रमात, गुरूंसमोर काय करायचं हा साधकाचा प्रश्न. रस्ता मात्र ज्याने दीक्षा घेतलेली नाही त्याचाही आहे. त्याच निकालात, जमावबंदीचे आदेश पुन्हा पुन्हा काढून कायमचे करू नयेत, असंही न्यायालयाने प्रशासनाला सुनावलं होतं. ती बाजूही आपल्या लोकांनी लक्षात ठेवावी.

आता निवेदनाचं. थान्यात परवानगीचा अर्ज दिला आहे. त्यात पालखी, चोपदाराची काठी, भगव्या पताका, टाळ आणि मुलींचं लेझीम एवढं लिहिलं आहे. आखाड्याच्या मुलांना दांडपट्टा दाखवायचा असेल, तर तो दसऱ्याला आश्रमाच्या आवारात, शस्त्रपूजेनंतर. दुकानामुळे कुणाला काय त्रास झाला ते प्रत्येकीने स्वतःच्या अक्षरात, तारखेसह लिहून द्यावं. छापील मजकुरावरच्या सह्यांपेक्षा ते कागद साहेब जास्त वाचतात, असा अनुभव आहे. आत्तापर्यंत ४३ कागद आले आहेत. ते गुरुवारच्या आरतीनंतर सभामंडपात घेतले जातील. धारचे सगळे आले, देवासच्या दोन गटांचे अजून यायचे आहेत.

— एक सेविका, देवास