दोन पाने

परदेशी प्रवासास निघणारी जोडपी हल्ली प्रेक्षणीय स्थळांच्या यादीबरोबर आणखी एक यादी करतात : एखाद्या संध्याकाळी दोघांनीच निवांत बसून जेवावे अशा भोजनगृहांची. सरकारी प्रवास-सवलत देशाच्या सीमेपाशी संपते. तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांना हा बेत वर्षानुवर्षे साठविलेल्या पैशातूनच आखावा लागतो. आणि पैसा स्वतःच्या गाठीचा असला की, नीतीचे विचारही लवकर सुचतात. नदीकाठचे टेबल, मंद दिवा, उच्चारता न येणारी पदार्थांची नावे, ह्यांसाठी एवढी शोधाशोध कशाला? ज्यांनी हजारो रात्री एका छपराखाली काढल्या, त्यांना परस्परांसमोर बसण्यास परमुलूख का लागावा? प्रेम खरे असेल तर त्यास स्थळाची गरज काय, आणि खोटे असेल तर स्थळाचा उपयोग काय?

प्रश्न बिनतोड वाटतो. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे. घरी ही दोन माणसे समोरासमोर बसतातच, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती काय आहे? आपल्याकडे वधूवर सर्वांच्या देखत परस्परांस घास भरवतात ते लग्नाच्या पंगतीत, आणि तेही उखाणा घेऊन. त्यानंतर पाने मांडली जातात ती पुरुषांची आणि मुलांची. वाढणारीचे पान सर्वांत शेवटी. कित्येक घरांत तर पतीच्याच ताटात पत्नीने मागाहून जेवावे असा रिवाज होता. ताट एक, पण वेळा दोन! त्या संसारांत माया नव्हती असे कोण म्हणेल? गरम पोळी नेमकी कोणाच्या पानात पडते, हे पंगतीतल्या सर्वांना कळत असे. परंतु त्या मायेची भाषा वाढण्याची होती. शेजारी बसून बोलण्याची नव्हती.

एकत्र कुटुंबाची गर्दी हेच याचे कारण, असे कोणी म्हणेल. त्याने भिलाईकडे पाहावे. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दुर्गजवळच्या माळावर जे नगर वसले, त्यात जो तो परगावचाच होता. सोव्हिएत तज्ज्ञ होते, तसेच देशाच्या सर्व प्रांतांतून आलेले लोक. सेक्टरांतील क्वार्टरांमध्ये सासू-जावांचा वावर बेताचाच. एकान्त तर आयता मिळाला. पण झोतभट्टी कोणाच्या जेवणासाठी विझवता येत नाही. ती अहोरात्र पेटती ठेवायची म्हणून पाळ्या आल्या, आणि पाळ्यांमागून झाकून ठेवलेली ताटे आली. ज्यांना पाळी नव्हती त्यांच्याही घरी एक पान मांडलेले आणि एक माणूस उभे, ही सवय तशीच राहिली. सारांश, एकान्त मिळाला म्हणजे सहभोजन मिळते असे नाही.

येथे भोजनगृहाचा विचार प्रस्तुत ठरतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिस शहरी ‘रेस्टॉरंट’ निघाली तेव्हा हा शब्द मुळात शक्ती भरून काढणाऱ्या एका रश्शाचे नाव होता. जुन्या खाणावळीत ठरल्या वेळी सामाईक टेबलाशी समोर येईल ते खावे लागे; नव्या जागी टेबल वेगळे, वेळ आपली, आणि निवडीसाठी यादी. आपल्याकडे मुंबईच्या इराणी हॉटेलांतील ‘फॅमिली रूम’ने हेच काम आपल्या परीने केले. चाळीत ज्यांना निवांत बोलता येत नसे, अशांनाही त्या आडोशाने चहाच्या दोन कपांपुरती जागा दिली.

परंतु टेबलापेक्षाही मोलाची गोष्ट ती यादी होय. ती दोघांपुढे ठेवली जाते आणि दोघांस एकच प्रश्न विचारला जातो : आपल्याला काय हवे? पंधरा वर्षे संसार केलेल्या स्त्रीचे उत्तर बहुधा ठरलेले असते : “मला काहीही चालेल.” हा संकोच नव्हे, विनयही नव्हे. घरातल्या प्रत्येकाची आवड तिला मुखोद्गत असते; तिची स्वतःची आवड मात्र कोणी विचारलेली नसते, म्हणून विचारताच सापडत नाही. आणि पतीलाही ती सांगता येत नाही. परदेशातील जागेचा शोध खरा येथे सुरू होतो. तो चांदण्यांकित नामावळीतून भोजनगृह निवडण्याचा नसून, सोबत्याला काय आवडते हे जाणून घेण्याचा आहे.

यावर एक आक्षेप उरतो, आणि तो टाळण्याजोगा नाही. दोघे बसली, कारण तिसरा उभा राहिला. घरातील उभे राहणे आपण केवळ पैसे देऊन दुसऱ्याच्या अंगावर टाकले. ह्याला अंशतः उत्तर इंडियन कॉफी हाउसच्या इतिहासात आहे. कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करावयास घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था उभारल्या. भिलाईतही त्यांचे कॉफी हाउस आहे. तेथे पांढरा फेटा बांधून जो कप आणून ठेवतो, तो त्या व्यवसायाचा भागीदार असू शकतो. वाढणे हलके नाही. वाढणाऱ्याचा वाटा नाकारणे हलके आहे. हा न्याय हॉटेलास लागू असेल तर स्वयंपाकघरास का नसावा?

म्हणून मला वाटते, परमुलुखातील त्या संध्याकाळीची किंमत जेवणाच्या बिलावरून ठरवू नये. ती परतल्यानंतरच्या एखाद्या साध्या मंगळवारी ठरेल. त्या दिवशी भाताचे पातेले आणि आमटीचे भांडे दोघांच्या मध्ये आणून ठेवले जाते काय, पाने दोन मांडली जातात काय, आणि “तुला काय हवे?” हा प्रश्न यादीवाचून विचारला जातो काय? जात असेल तर तो खर्च उधळपट्टी नव्हे. जात नसेल, तर नदीकाठी जेवूनही ती दोघे आपापल्या वेळीच जेवली, असे म्हणावे लागेल.