माणसांपासून दूर म्हणजे कुठे?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात एक बैठक भरली होती. आमच्या आळीवरून गेलेली उच्चदाब वीजवाहिनी तेथून हलवावी, असा अर्ज शासनाकडे पाठवायचा होता. मागणी रास्त होती. पावसाळी रात्री तारांची गुणगुण घरात ऐकू येते, मुले गच्चीवर पतंग घेऊन गेली की आयांचा जीव टांगणीला लागतो, आणि मुलाचे लग्न ठरले तरी घरावर माडी चढविता येत नाही. मसुदा वाचून झाल्यावर मागच्या बाकावरून कुणीतरी विचारले, "मग ती न्यायची कुठून?" त्यावर एक सुशिक्षित गृहस्थ सहज म्हणाले, "डोंगराच्या अंगाने न्यावी. तिकडे वस्तीच नाही." सभागृहाने माना डोलावल्या. मीही डोलावली असती. परंतु काही वर्षांपूर्वी मी जव्हार तालुक्यातील साखरशेतला जाऊन आलो होतो.

आमची वाहिनी हलली तरी ती जव्हारपर्यंत जाणार नाही, हे मला कळते. साखरशेतच्या डोक्यावर मनोरे उभे आहेत, असेही मला म्हणायचे नाही. मला छळतो तो 'तिकडे वस्तीच नाही' हा शब्दप्रयोग. त्या भागात गाव म्हणजे आपल्यासारखी भिंतीला भिंत लागलेली आळी नव्हे. एक पाडा या टेकडीच्या उतारावर, दुसरा ओहोळापलीकडे, मध्ये नाचणी-वरईची वरकस जमीन. मी गेलो ते मार्च महिन्यात. कित्येक झोपड्यांची दारे कुडाने बंद केलेली होती. अंगणात बसलेल्या एका म्हाताऱ्याला मी विचारले, "आजोबा, पाड्यात घरे किती?" तो हसून म्हणाला, "पावसाळ्यात या, दादा, तेव्हा मोजा."

त्या उत्तराचा अर्थ मला परतीच्या वाटेवर उमगला. जव्हार-मोखाड्याची असंख्य कुटुंबे दिवाळीनंतर घराला कूड लावून वसई, भिवंडी, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे ज्यांची घरे उन्हाळ्यात रिकामी दिसतात, ती माणसे त्या वेळी आपल्याच परिसरात आपल्या घरांच्या विटा पाडीत असतात. नकाशा हातात घेऊन जाणाऱ्याने त्या महिन्यांत तो पाडा 'निर्जन' ठरविला, तर त्यात दुष्टावा नसेल. पण ते सत्यही नसेल.

आमच्या भीतीला मी कमी लेखत नाही. २०१७ साली नागपुरात घराजवळून गेलेल्या उच्चदाब तारेच्या धक्क्याने दोन जुळे भाऊ दगावले, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. ही झाली डोळ्यांना दिसणारी इजा. न दिसणाऱ्या इजेची शंका १९७९ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहराच्या एका अभ्यासाने प्रथम घेतली: वीजतारांजवळ राहणाऱ्या मुलांत रक्ताचा कर्करोग अधिक आढळतो काय? पुष्कळ अभ्यासांनंतर २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या तारांभोवतीचे चुंबकीय क्षेत्र 'कदाचित कर्करोगकारक' या वर्गात घातले. 'कदाचित' हा शब्द महत्त्वाचा आहे. कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही, आणि अंतर वाढले की हे क्षेत्र झपाट्याने क्षीण होते. तरीही नेदरलँड्सच्या शासनाने २००५ साली आपल्या नगरपालिकांना सल्ला दिला की, मुले दीर्घकाळ राहतील अशा नव्या जागा या क्षेत्राच्या कक्षेत येऊ देऊ नयेत. शंका असताना लेकरांच्या बाजूने कौल द्यावा, हे मला पटते. मात्र लेकरे डोंगरावरही असतात.

आपला कायदा याबाबत काय म्हणतो? आधी कोण आले, याला तो मोठे महत्त्व देतो. १९५६ च्या भारतीय वीज नियमांप्रमाणे, वाहिनी आधी उभी असेल आणि तिच्याजवळ कुणी नंतर घर बांधू पाहील, तर त्याने आधी सूचना द्यावी आणि तारा हलविण्याचा खर्च सोसावा. नव्या विनियमांतही हे तत्त्व टिकून आहे. उलट, घर वा शेत आधीचे आणि वाहिनी नंतरची असेल तर? वीज कायदा २००३ च्या कलम १६४ अन्वये वाहिनी टाकणाऱ्यास १८८५ च्या तार कायद्यातील अधिकार देता येतात. मग जमीनमालकाच्या संमतीवाचून मनोरा उभा राहू शकतो. जमीन त्याच्याच नावावर राहते आणि त्याला मिळते ती नुकसानभरपाई. नंतर येणारा माणूस असेल तर पैसे भरतो. नंतर येणारी तार असेल तर पैसे देते खरी, पण 'येऊ का?' असे विचारण्याचे बंधन तिच्यावर नाही.

भरपाईतही एक मेख आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१५ साली मनोऱ्याखालील जागेसाठी जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के रक्कम सुचविली; २०२४ साली ती अनुक्रमे २०० आणि ३० टक्क्यांवर नेली. वाढ स्वागतार्ह आहे. परंतु टक्के जमिनीच्या भावाचे. वसईत भाव काय आणि उतारावरच्या वरकस जमिनीचा काय? ज्याची जमीन स्वस्त त्याच्यावरून वाट स्वस्त, हा हिशेब कुणी मुद्दाम मांडावा लागत नाही. तो आपोआप मांडला जातो. वनजमिनींची गोष्ट आणखी निराळी. वनहक्क कायद्यामुळे तेथे ग्रामसभेच्या संमतीला मान मिळाला होता. पण रस्ते, कालवे, वीजवाहिन्या यांसारख्या लांबट पट्ट्यांच्या प्रकल्पांना फेब्रुवारी २०१३ च्या केंद्राच्या पत्राने त्या संमतीतून सूट दिली. कातकऱ्यांसारख्या अतिअसुरक्षित आदिम जमातींच्या मान्य हक्कांना बाधा येत असेल, तेवढाच अपवाद राहिला.

याच जिल्ह्यातले एक उदाहरण डोळ्यांसमोर आहे. मुंबईला १००० मेगावॅट वीज नेण्यासाठी वाडा तालुक्यातील कुडूस ते आरे अशी सुमारे ८० किलोमीटरची वाहिनी आखली गेली. तिला २०२१ साली परवाना मिळाला. त्यातील सुमारे ३० किलोमीटर तारा मनोऱ्यांवरून आणि ५० किलोमीटर केबल जमिनीखालून, अशी ही आखणी. शहराकडच्या अंगाला मनोरे उभारायला जागा नाही, म्हणून तिकडे केबल. मोकळ्या रानात मनोरे, कारण ते कितीतरी स्वस्त पडतात. अभियंत्याच्या दृष्टीने हे बिनचूक आहे. पण जागा नसणे हाही शहराचा एक लाभच ठरला, हे नजरेआड करता येत नाही. मोखाडा तालुक्यात २०१४ साली पुरे झालेले मध्य वैतरणा धरण मुंबईची तहान भागविते, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. वाट पाण्याची असो की विजेची, उताराची दिशा तीच.

कुणी म्हणेल, शंभर घरांवरून जाण्यापेक्षा तीन घरांवरून गेलेले काय वाईट? मला हा युक्तिवाद तुच्छ वाटत नाही. तार कुठून तरी जाणारच, आणि डोकी मोजणे हा विवेकाचाच एक भाग आहे. मात्र बहुतांसाठी एकाने जावे हे कयफाचे गणितही दिसायला असेच होते. त्याने फक्त त्या एकाला विचारले नाही. तिघांना विचारले, त्यांचे घर हलवायचे तर आपल्या घराच्या तोलाचे बांधून दिले, आणि आपल्या सुटकेचा वाढीव खर्च आपण आपल्या विजेच्या बिलातून सोसला, तर तो हिशेब निराळा होतो. हे तिन्ही न करता केलेली मागणी ही वाहिनी हटविण्याची मागणी नसून शेजारी बदलण्याची मागणी असते. हे मी प्रथम स्वतःला सांगतो, कारण माझे घरही त्याच आळीत आहे.

बैठकीत मी एवढे सारे बोललो नाही. बोलता आलेही नसते. मी इतकेच सुचविले की, अर्जात एक वाक्य वाढवावे: ही वाहिनी अन्य कुणाच्या घरावरून न नेता भूमिगत करावी, आणि त्याचा वाढीव आकार आम्हांला मान्य आहे. पहिल्या भागाला टाळ्या पडल्या. दुसऱ्या भागावर मात्र सभागृहात कुजबुज सुरू झाली. महिन्याला किती, असे कुणी विचारले; ते मलाही सांगता येईना. एक मावशी उठून म्हणाल्या, "आमच्या भट्टीवर येणारी माणसं तिकडचीच ना?" त्यांच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिले नाही. फादरांनी घड्याळाकडे पाहिले आणि तेवढे वाक्य पेन्सिलीने लिहून अर्ज पुढच्या रविवारपर्यंत स्वतःजवळ ठेवला.