अठरा सह्यांचा दाखला

वसाहतकाळातल्या अमेरिकी साहित्यावर परीक्षेत प्रश्न आला की आपल्या कॉलेजांत उत्तर ठरलेले असते. प्युरिटन श्रद्धा, ईश्वरी योजना, अरण्याचे भय, साधी शैली. मुद्दे लिहा, गुण घ्या. मुद्दे खोटे नाहीत. 1630 साली जॉन विन्थ्रॉपने सोबत्यांना डोंगरावरच्या नगरीचे स्वप्न दाखवले, विल्यम ब्रॅडफर्डने प्लिमथचा वृत्तांत लिहिला. ते वाचायलाच हवे. पण त्या काळच्या पुस्तकांत कवितेच्या आधी छापलेली पानेही आहेत, आणि ती आपण सरळ उलटतो.

अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीटचा संग्रह 1650 मध्ये लंडनला निघाला. तो छापायला नेणाऱ्या तिच्या बहिणीच्या नवऱ्याने वाचकांना हमी दिली, की हे बाईनेच लिहिले आहे आणि तेही झोपेतून वेळ काढून. म्हणजे कविता कशी आहे ते मागाहून. आधी चूल वेळेवर पेटत होती ना, ते सांगा!

फिलिस व्हीटलीचे हाल याहून वेगळे. 1761 मध्ये आफ्रिकेतून आणलेली ही मुलगी बॉस्टनमध्ये विकली गेली. दुधाचे दात पडत होते, त्यावरून वय ठरवले: सात-आठ वर्षे. नाव तिला आणणाऱ्या जहाजाचे, आडनाव मालकाचे. 1773 मध्ये तिचा संग्रह आला, त्यात बॉस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांनी सह्या केल्या, की या कविता हिच्याच आहेत. गव्हर्नर हचिन्सन त्यात होता, जॉन हॅन्कॉकही होता. तीनच वर्षांनी याच हॅन्कॉकने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. स्वातंत्र्याचा घोष करणारे दुसऱ्याला गुलाम कसे ठेवतात, हे फिलिसने सॅमसन ऑकम या मोहिगन धर्मोपदेशकाला लिहिलेल्या पत्रात 1774 मध्येच विचारले होते. ते पत्र वर्तमानपत्रांत छापूनही आले.

याच न्यू इंग्लंडमधल्या चर्चांचे मिशनरी 1813 मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्याच 'ज्ञानोदया'ने 1855 मध्ये मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मांग मुलीचा निबंध छापला. आणि फिलिसच्या संग्रहानंतर बरोबर शंभर वर्षांनी जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. ही अर्पणपत्रिका ज्यांना पाठ आहे, त्यांनी तरी सह्यांचे ते पान वगळू नये. वस्तीतल्या पोरीने चांगला निबंध लिहिला की 'कुठून उतरवलास?' हा प्रश्न आपल्या वर्गांतून अजून गेलेला नाही. शिक्षकांनी धडा त्या पानापासूनच सुरू करावा. प्युरिटन श्रद्धा दुसऱ्या तासाला शिकवली तरी काही बिघडत नाही.

फिलिसच्या दुसऱ्या संग्रहाला मात्र त्या सह्या उपयोगी पडल्या नाहीत. 1779 मध्ये तिने वर्गणीदार मागितले, ते मिळाले नाहीत. 1784 मध्ये ती गरिबीत वारली, आणि ते हस्तलिखित आजवर सापडलेले नाही.