सेवेची पारख कोठे करावी?

वारकरी बंधुभगिनींनो, आपल्या पंथात पायांना फार मान आहे. भेटणारा लहान असो, मोठा असो, आपण त्याच्या पायांवर डोके ठेवतो आणि तोही आपल्या पायांवर ठेवतो. वारीत मुक्कामावर टेकलो की अनोळखी माणसे येऊन आपले पाय चेपतात, तेल लावतात. पण पाया पडणे वेगळे आणि पाय पाहणे वेगळे. हा भेद मला फार उशिरा कळला, आणि तो एका आजारी माणसाच्या टाचेने शिकवला.

माझ्या मामांना अर्धांगवायू झाला. आमचे गाव हिंगोली जिल्ह्यातले. घरी म्हातारी माणसे तेवढी, मुले पुण्याला कामाला. हातपाय पुन्हा चालावेत म्हणून रोज व्यायाम करून घेणारे माणूस हवे होते, म्हणून त्यांना एका शहरातल्या शुश्रूषागृहात ठेवले. मी भेटायला गेलो. फरशी लख्ख, दारात तुळस, भिंतीवर पांडुरंगाची तसबीर, सायंकाळी हरिपाठ. "कसं काय मामा?" म्हटले, तर "बरं हाय," म्हणाले. मी समाधानाने परतलो आणि गावात चार घरी त्या जागेची स्तुतीही केली.

महिन्याने मामी गेल्या. त्यांनी आधी पायांवरची चादर सारली. टाचेला रुपयाएवढी काळी जखम होती. मला कळल्यावर मी मामांना विचारले, "बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "तुम्ही निघून गेल्यावर मला इथंच ऱ्हायचंय ना, बाबा."

या उत्तराने माझी झोप उडाली. जो दुसऱ्याच्या हाती आहे, तो त्या हाताची तक्रार कशी करील? मग सेवा चांगली की वाईट, हे कुणाला विचारून ठरवावे?

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. नामदेवरायांची नर्सी इथली आणि विसोबा खेचरांची भेट झाली ते औंढा नागनाथही इथलेच. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटीने तपासली आणि नामदेवरायांना कच्चे मडके ठरवले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. पुढे ते औंढ्यास आले, तो एक म्हातारा पिंडीवर पाय ठेवून निजलेला. नामदेवराय रागावले. म्हातारा म्हणाला, मला पाय हलवायची शक्ती नाही. जिथे देव नसेल तिथे तूच उचलून ठेव. त्यांनी पाय उचलले, आणि जिथे ठेवावेत तिथे पिंडी दिसू लागली.

या कथेतून सर्वव्यापी देवाचा बोध आपण घेतो, तो खराच आहे. पण आणखी एक गोष्ट पाहावी. दूर उभे होते तोवर नामदेवरायांनी दोष काढला. म्हाताऱ्याचे पाय हातात घेतले तेव्हा त्यांना कळले. त्यांनी दुरून निंदा केली, मी दुरून स्तुती केली. दोघांचीही चूक एकच.

कुणी म्हणेल, सेवा हा भावाचा विषय, भाव कसा मोजावा? भाव दिसत नाही हे कबूल, पण त्याची खूण देहावर उमटते. निजलेल्याचे वजन टाचेवर, माकडहाडावर, कमरेच्या हाडावर येते. तिथे रक्त पोचत नाही आणि कातडी मरते. म्हणून त्याला साधारण दर दोन तासांनी कूस पालटून द्यावी लागते, रात्रीसुद्धा. बोटाने दाबून लाली जात नसेल, किंवा सावळ्या अंगावर तेवढाच भाग काळसर, कडक, ऊन लागत असेल, तर जखमेची ती सुरुवात समजावी. हरिपाठ पाहुण्यांसाठीही होऊ शकतो. रात्री दोन वाजता पालटलेली कूस पाहुण्यांसाठी नसते.

दुसरा म्हणेल, पगारी माणसाची कसली सेवा? असे म्हणू नये. गोरोबाकाका मडकी करीत, सावतामहाराज मळा पिकवीत. तेच त्यांचे भजन होते. मजुरीने सेवा बाटत नाही. पण रात्री तीस जणांमागे एकच बाई ठेवली, तर तिच्या मनात कितीही माया असली तरी हात पुरणार कसे? तेव्हा जेवण काय देता हे विचारतो, तसे रात्री माणसे किती हेही विचारावे.

कायदाही पाहावा. १९४९ च्या कायद्याने शुश्रूषागृहाला नोंदणी लागते. तो दाखला भिंतीवर असावा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम सुरू करण्याची तरतूद आहे. पण दाखला भिंतीचा असतो, टाच माणसाची असते.

म्हणून जाल तेव्हा न कळवता जावे, अवेळी जावे. पाणी हाताला पुरते का, नखे काढली आहेत का, अंथरूण कोरडे आहे का ते पाहावे. मदतनीस त्याला नावाने हाक मारतात की खाटेच्या नंबराने, ते ऐकावे. शेजारच्या खाटेवर ज्याला कुणीच भेटायला येत नाही, त्याचीही चादर त्याला विचारून सारावी. खरी परीक्षा तिथे होते.

राहिला शेवटचा प्रश्न: आपण घरी सांभाळू शकलो नाही, मग दुसऱ्याची सेवा तोलायचा आपल्याला अधिकार कोणता? हा प्रश्न मला अजून टोचतो. मला एवढेच उमगले, की उभे राहून तोलायचा अधिकार आपल्याला नाही. खाली बसून, पाय मांडीवर घेऊन जो पाहतो, तो पारखी कमी आणि सेवेकरी जास्त असतो. त्याने जखम पाहिली तर तो भांडेलही, पण आधी तेल लावील.

मामांना आम्ही घरी आणले. जखम भरायला चार महिने लागले. आता मी रोज त्यांच्या पायांवर डोके ठेवतो आणि उठताना टाचा पाहतो.

रामकृष्णहरि.