पुढच्या वर्षी पाहू



देवळात उत्सव आला की वडीलधारी माणसे कामाच्या गर्दीत असतात. अशा वेळी एखादे मूल काही मागावयास आले, तर एक उत्तर आपल्या जिभेवर तयार असते : 'पुढच्या वर्षी पाहू.' या उत्तरात नकाराचा कडवटपणा नाही, म्हणूनच ते देताना आपले मन आपल्यास टोचत नाही. त्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. कारण तो दोष प्रथम आमच्याकडूनच घडला आहे.

गेल्या चैत्रात तीर्थरूप बाबांसह आम्ही अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ताईकडे गेलो होतो. आमची नऊ वर्षांची भाची तेथे बेसबॉल खेळते. लहान मुलांच्या संघांची तेथे एक मोठी संस्था आहे. तिला लिटल लीग म्हणतात. पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट गावी १९३९ साली कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थांनी, आपल्या भाच्यांस खेळावयास मिळावे म्हणून, तीन संघांनिशी ती आरंभिली. वसंतात हंगाम उघडतो त्या दिवशी गावोगावी समारंभ होतो. त्यास आम्हीही गेलो.

सकाळी सात वाजता घर सोडले ते दिवेलागणीस परतलो. बाबांस एकादशी होती, म्हणून ताईने साबुदाण्याच्या खिचडीचा डबा बरोबर घेतला होता. आरंभी सर्व संघांची मिरवणूक निघाली. पुढे अग्निशामक दलाची गाडी, मागे रंगीबेरंगी सदऱ्यांतील मुले, आणि दोन्ही बाजूंस टाळ्या वाजविणारे आईबाप. बाबा म्हणाले, "अरे, ही तर दिंडीच की!" मैदानावरील पांढऱ्या रेघा कोणा मुलाच्या वडिलांनीच आखल्या होत्या, आणि खाण्याच्या दुकानात मुलांच्या आयाच उभ्या होत्या.

भाचीच्या संघाची पाळी दुपारी आली. तिचा चेंडू तीनदा हुकला आणि ती बाद झाली. मान खाली घालून परतली, तेव्हा सोबतच्या मुलांनी तिच्या पाठीवर थाप दिली. बाबांनी विचारले, "हिला अजून नीट जमत नाही, तरी उभी करतात?" मेहुणे म्हणाले, "तसा नियमच आहे. संघात ज्याचे नाव घातले, त्यास मैदानात उतरविलेच पाहिजे आणि निदान एकदा तरी बॅट त्याच्या हाती दिलीच पाहिजे."

"आणि मुलगी म्हणून कोणी अडवीत नाही?"

"आता नाही; पूर्वी अडवीत," असे म्हणून मेहुण्यांनी याच राज्यातील होबोकेन गावची हकीकत सांगितली. लिटल लीगने १९५१ साली मुलींस मज्जाव करणारा नियम केला होता. १९७२ साली मारिया पेपे नावाची बारा वर्षांची मुलगी तेथील संघात घेतली गेली. तिने तीन सामने खेळल्यावर वरिष्ठांनी गावच्या शाखेची मान्यता काढून घेण्याचा धाक घातला आणि तिला बाहेर व्हावे लागले. तिच्या वतीने दाद मागण्यात आली. निकाल तिच्या बाजूने लागला, आणि १९७४ साली मुलींस दार मोकळे झाले. परंतु त्या खेळास वयाची मर्यादा असते. दार उघडले तेव्हा ती मर्यादा मारियाने ओलांडली होती. तिच्यामागून असंख्य मुली आत गेल्या. ती स्वतः मात्र पुन्हा त्या मैदानात उतरू शकली नाही.

हे ऐकताच आमचा घास घशात अडकला. गतवर्षी आषाढीस, आपल्या देवळाच्या दिंडीची रांग लावण्याचे काम आमच्याकडे होते. देवासाठी नित्य हार आणून देणाऱ्या बाईंची बारा वर्षांची मुलगी पुढे आली आणि म्हणाली, "दादा, मी पखवाज शिकले आहे. चार पावले तरी वाजवू का?" आम्ही हसून म्हणालो, "पुढच्या वर्षी पाहू." शास्त्राचा निषेध होता म्हणावे, तर बाबा सांगतात की तसा कोठेही नाही. आजवर मुलीने वाजविला नव्हता, एवढेच.

परत येताच आम्ही तिच्या घरी गेलो आणि यंदा ये म्हणून विनविले. ती राग धरून नव्हती. म्हणाली, "आता हात बसत नाही, दादा. वाजवणे केव्हाच सोडले."

बंधुभगिनींनो, मोठ्या माणसास एक वर्ष म्हणजे एक पंचांग. मुलास ते तसे नसते. त्याची हौस झाडावरच्या मोहरासारखी आहे. वारा लागून झडला की त्या ऋतूत पुन्हा येत नाही. ज्ञानदेव लोकांच्या बोलांनी खिन्न होऊन ताटी लावून बसले, तेव्हा ती उघडविली धाकट्या मुक्ताबाईने. थोरांची ताटी लहानाने उघडावी, अशी आपली परंपरा आहे. मग आपण थोरांनी लहानांपुढे ताटी का लावावी?

यास्तव बाबांच्या अनुज्ञेने कार्यकारी मंडळास आमची नम्र विनंती आहे. यंदाच्या आषाढीस मुलांची नावे आधी लिहून घ्यावीत. ज्याचे नाव लिहिले, त्याच्या हाती काही ना काही सेवा द्यावी. टाळ, पताका, चवरी वा पाण्याचा तांब्या. मुलगा की मुलगी, ओळखीचा की अनोळखी, हे पाहू नये. ठेका चुकला तरी पांडुरंग रागावणार नाही.

त्या मुलीचा पखवाज आम्ही तिच्या आईच्या संमतीने ओढून, शाई भरवून आणला आहे. तो दिंडीच्या दिवशी सभामंडपात ठेवलेला असेल. ती येईल की नाही, ते तिच्या मनावर आहे. आम्ही मात्र तिची वाट पाहणार आहोत.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥