फोटो की शूटिंग?

लग्नाच्या खर्चाची यादी करताना कार्यालय, जेवण, आहेर यांवर घासाघीस होऊन का होईना, एकमत होतं. अडतं ते तळाच्या ओळीपाशी. फोटोवाला तर सांगायचाच, पण शूटिंगवालाही सांगायचा का? हल्लीच्या पॅकेजात ट्रॅडिशनल, कॅन्डिड, सिनेमॅटिक, वर ड्रोन असं सगळंच येतं. हात आखडला की यातलं काय गाळायचं, हा प्रश्न उरतो, आणि तो मला पैशांपेक्षा काळाचा वाटतो.

आपलं लग्न एका क्षणाभोवती बांधलेलं असतं. पत्रिकेत मुहूर्ताची वेळ मिनिटासकट छापतात. मनगटी घड्याळं नव्हती तेव्हा घटिकापात्र असायचं. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं झाली. इतक्या निगुतीने मोजलेला क्षण फोटोला आयताच सापडतो. अंतरपाट खाली येतो, दोन चेहरे समोरासमोर येतात, अक्षता अजून हवेत असतात आणि सेकंदाच्या दोनशेव्या भागात शटर मिटतं. मग लगेच स्टेजवरून हाक येते, ‘नवरदेव, हार जरा परत घाला, इकडे बघत!’ गुरुजीही निमूट थांबतात. पंचांगात एकदाच येणारा क्षण कॅमेऱ्यासाठी तीनदा येतो.

या पुन्हा करून घेण्याला थोरामोठ्यांचा आधारही सापडतो. फोटोग्राफीचा शोध पॅरिसमध्ये १८३९ साली जाहीर झाला आणि पुढच्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं. त्या दिवसाचा फोटो नाही. तरी राणी आणि अल्बर्टचे ‘लग्नातले’ म्हणून जे फोटो सर्रास दाखवले जातात, ते रॉजर फेंटनने १८५४ साली काढलेले, दरबारी पोशाखातले. तोवर त्यांना आठ मुलं झालेली होती. बघणाऱ्यांचं त्यावाचून काही अडलं नाही. फोटो मागाहूनही काढता येतो, ही गोष्ट निवड करताना सहसा कुणी लक्षात घेत नाही.

मागाहून करता येत नाही ती मुहूर्ताच्या आधीची पंधरा मिनिटं. अंतरपाट धरलेला आहे, मामा पाठीशी उभे आहेत, आणि कुणी काकू पर्समधून घडी घातलेला कागद काढतात. दोन्ही घरांची सगळी नावं कोंबलेलं स्वतः रचलेलं मंगलाष्टक! तिसऱ्या ओळीत शार्दूलविक्रीडित लंगडायला लागतं, माइक शिट्टी मारतो, पोरं घाईने अक्षता फेकतात, कुणीतरी ‘अजून नाही रे!’ म्हणून ओरडतं. मग शेवटचं ‘सावधान’ पुरतं संपायच्या आत वाजंत्री कडाडते. हा सगळा ऐवज आवाजाचा आहे. फोटोत काकू नुसत्या तोंड उघडून उभ्या दिसतात, आणि अल्बम करताना पहिल्यांदा तोच फोटो बाद होतो.

म्हणजे शूटिंगच घ्यावं? इतकं सोपं नाही. १९८२च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर आणि लग्नातलं शूटिंगही. हॅलोजनचा दिवा धरलेला पोरगा पंगतीत शिरायचा आणि जिलबीचा घास तोंडात असलेला पाहुणा बिचारा अवघडून बसायचा. त्या तीन-तीन तासांच्या कॅसेटची आपण यथेच्छ चेष्टा केली. पण निवडणारं कुणी नसल्यामुळे तिच्यात काय काय शिल्लक राहिलं! आजीची लंगडती चाल, तुपावरून वाढप्याशी हुज्जत घालणारे आजोबा, मागे चाललेली उसाभर. आजची सिनेमॅटिक फिल्म पाच मिनिटांची, संथ गतीतली, आणि आवाज पुसून वर सिनेमाचं गाणं चढवलेली. ती म्हणजे हलणारा अल्बमच, गाळीव आणि नटवलेला. त्यासाठी वेगळे पैसे मोजण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

कॅसेटची दुसरी बाजू अल्बमच्या बाजूने बोलते. व्हीसीआर बनवणारी अखेरची कंपनी म्हणून ओळखली जाणारी जपानची फुनाई २०१६ साली त्यातून बाहेर पडली. दमट हवेत, विशेषतः कोकणात, टेपवर बुरशी चढते. नंतरच्या सीडी घरात आहेत, पण त्या घालायला नव्या लॅपटॉपला खाचच नाही. बटरपेपर लावलेला जुना अल्बम मात्र कुठलंही यंत्र न मागता उघडतो, पाहुण्यांपुढे ठेवता येतो, त्यातला एखादा फोटो भिंतीवर चढतो.

तेव्हा मला कुणी विचारलंच तर मी म्हणेन, एक चांगला फोटोग्राफर घ्या, ड्रोन आणि सिनेमॅटिक बिनदिक्कत गाळा. मात्र एक साधा कॅमेरा स्टँडवर उभा करा, गुरुजींच्या जवळ वेगळा माइक ठेवा, आणि गौरीहरापासून झालीपर्यंत तो चालू राहू द्या. शूटिंगवाला म्हणेल, असलं कोण बघतं? पंधरा-वीस वर्षं कदाचित कुणी बघणारही नाही. तोवर त्या चित्रणाच्या दोन प्रती दोन घरांत ठेवाव्यात आणि साधनं बदलतील तशा नव्यावर उतरवून घ्याव्यात. बिलात तो ‘एडिटिंग’चे पैसे लावायला बघेल. ते तेवढे काढायला लावावेत, आणि आधीच बजावावं, गाणं घालायचं नाही.